डबीवरचा वेग तुझा नाही

प्रश्न: काका, मी मूळचा माढा तालुक्यातला, सध्या न्यूझीलंडमध्ये साउथलँडला डेअरी फार्मवर कामाला आहे. इथला बंदुकीचा परवाना रीतसर काढून .३०८ विंचेस्टर काडतुसाची एक हलकी बोल्ट रायफल घेतली. नळी साडेसोळा इंच. मालकाबरोबर लाल हरणांच्या मागे डोंगरात जातो, झाडीत आखूड रायफल बरी पडते म्हणून ही निवडली. दुकानदारानं १८० ग्रेन वजनाच्या गोळीची काडतुसं दिली. बार केला की डोळ्यांपुढे जाळ, कानठळ्या, खांदा काळानिळा, आणि शंभर मीटरवर गोळ्या वीतभर पसरतात. एक मित्र १५० ग्रेन घे म्हणतो, दुसरा तांब्याचीच घे म्हणतो. बाबांकडे आजोबांपासूनची .३१५ ची रायफल आहे. ते फोनवर म्हणतात, "जड गोळी ती जड गोळी, पोरांचं ऐकू नको." आखूड नळी घेऊन फसलो का? सायलेन्सर लावू का? जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला घरी येतोय. आमच्या उसात रानडुकरांनी उच्छाद मांडलाय, तर बाबांसाठी इथली चार चांगली काडतुसं आणली तर चालतील का? आणि माझी रायफल व्हिडिओवर बघितल्यापासून .३१५ ची नळी कापून आखूड करून घ्यायचं त्यांच्या मनात आलंय.

उत्तर: आधी तुझे शेवटचे दोन प्रश्न घेतो, कारण त्यांत पोलीस आहेत. बाकीच्यांत नुसता खांदा दुखतो.

बाबांसाठी काडतुसं आणू नकोस. चार नको, एकही नको. आपल्याकडे काडतूस जवळ बाळगायलाही परवाना लागतो आणि तो तुझ्या नावावर नाही. तुझा न्यूझीलंडचा परवाना मुंबईच्या विमानतळावर कोणी विचारात घेणार नाही. बाबांचा परवाना आहे .३१५ चा. .३०८ चं काडतूस त्यांच्या परवान्यातही बसत नाही आणि रायफलीतही बसत नाही. तू मुद्दाम आणणार नाहीस असं धरून चालू, पण विसरून येतं ते जास्त धोक्याचं. शिकारीला वापरतोस ती सॅक आणि ते जॅकेट घेऊन विमानात बसू नकोस. अस्तरात राहिलेलं एक जिवंत काडतूस स्कॅनरवर दिसलं की आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा दाखल होतो. मग "साहेब, विसरून राहिलं" हे पटवून देण्यात तुझी अख्खी सुट्टी जाईल आणि वर वकिलाची फी. काही जण आठवण म्हणून रिकामी पुंगळी आणतात. तीही तिकडेच राहू दे, उगाच चौकशीत अडकायला नको.

सायलेन्सर तिकडे दुकानात सरळ टांगलेला मिळतो, म्हणून इकडे आणायचा मोह होईल. आपल्या १९५९ च्या कायद्यात बंदुकीची व्याख्या वाच. बंदुकीचा आवाज किंवा जाळ कमी करण्यासाठी केलेली वस्तूही त्या व्याख्येत येते. म्हणजे सायलेन्सर आणणं हे बंदूक आणण्यासारखंच आहे.

नळी कापण्याचा विचार बाबांच्या डोक्यातून आजच्या आज काढ. त्याच कायद्याच्या कलम ६ प्रमाणे बंदुकीची नळी आखूड करायलाही वेगळा परवाना लागतो. तो नसताना कापली तर रायफल जाईल, परवाना जाईल आणि वर खटला उभा राहील. एमआयडीसीत ओळखीचा लेथवाला आहे, अर्ध्या तासात करून देतो, हे मी इथं अनेकांच्या तोंडून ऐकलंय. त्या लेथवाल्यालाही घेऊन बुडशील. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी हे काम तसं नाही. .३१५ ची पुढची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, नळीच्या टोकावर बसलेली असते. टोक कापलं की माशी गेली, म्हणजे नेम गेला. आणि गोळी बाहेर पडताना शेवटचा स्पर्श होतो तो नळीच्या तोंडाला. तिथं केसाएवढी कड एका बाजूला राहिली, तर त्या बाजूनं गॅस आधी किंवा उशिरा सुटतो आणि गोळी दरवेळी वाकडी निघते. फौजेत बंदुका दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. बाकी काही नसताना केवळ तोंड खराब म्हणून नेम न धरणाऱ्या रायफली मी पुष्कळ पाहिल्या.

आता तुझी रायफल. फसलेला नाहीस. झाडीत वाकून चालायचं, वेलींतून रायफल ओढत न्यायची, नेम धरायला दोन-तीन सेकंद मिळायचे, अशा शिकारीला आखूड आणि हलकी रायफलच हवी. तू .३०८ घेतलीस हेही बरं केलंस. कुणाच्या सांगण्यावरून .३०० मॅग्नम घेतली असतीस तर मात्र मी हात जोडले असते.

कारण असं. काडतुसातली दारू पेटली की दाब नळीच्या पहिल्या काही सेंटिमीटरमध्येच शिखर गाठतो आणि तिथून पुढं तो उतरतच जातो. गोळी नळीत असेतोवर गॅस तिला मागून रेटत असतो, पण तो रेटा पुढं पुढं कमी होत जातो. म्हणून नळीचा शेवटचा भाग कापला तर वेग जातो, पण वाटतं तेवढा जात नाही. .३०८ च्या पुंगळीत दारू बेताची असल्यामुळे तिचं नुकसान कमी. मॅग्नममध्ये दारू भरपूर, तिला जळून रेटायला लांब नळी लागते, त्यामुळे आखूड नळीत ती वेगापेक्षा जाळ आणि आवाजच जास्त देते.

आकड्यांत सांगतो. कारखाने .३०८ चा वेग मोजतात तो बहुतेक २४ इंचाच्या चाचणी-नळीतून. १५० ग्रेनच्या डबीवर सेकंदाला ८६० मीटरच्या आसपास वेग छापलेला असतो, १८० ग्रेनच्या डबीवर ८०० च्या आसपास. तुझी नळी त्या नळीपेक्षा साडेसात इंचांनी आखूड. .३०८ मध्ये इंचामागे साधारण सहा ते आठ मीटर जातात. म्हणजे पन्नास-पंचावन्न मीटर गेले. तुझ्या रायफलीतून १५० ग्रेन निघते ती ८०५ च्या आसपास, आणि १८० ग्रेन ७४५ च्या आसपास. दोन नळ्या कधी सारख्या नसतात, त्यामुळे जवळच्या क्लबात वेग मोजायचं यंत्र असेल तर पाच गोळ्या त्यावरून मारून बघ. मिळेल तो आकडा खरा. डबीवरचा वेग दुसऱ्या नळीचा आहे, तो धरून कुठलंही गणित मांडू नकोस. मोबाईलवरच्या त्या बॅलिस्टिक अ‍ॅपमध्येही डबीवरचा आकडा भरू नकोस, नाहीतर अ‍ॅप दशांशापर्यंत चुकीचं उत्तर देईल.

हा वेग महत्त्वाचा का, तर हरणाला मारते ती गोळी उघडल्यामुळे. शिकारीची साधी गोळी म्हणजे शिशाचा गाभा आणि वरून तांब्याचं पातळ कवच, टोकाला शिसं उघडं. कधी मालकाला मांस सोलताना आत राहिलेली गोळी सापडली तर धुऊन हातात घेऊन बघ. कवच टोकाकडून चार-सहा पाकळ्यांत फाटून मागं वळलेलं असतं, त्यावर शिसं पसरून अळंबीसारखी टोपी झालेली असते, आणि खालचा बुडखा जसाच्या तसा. मूळ जाडीच्या जवळपास दुप्पट झालेली ती टोपी आत रुंद जखम करते. गोळी उघडली नाही तर ती सुईसारखी आरपार जाते. हरीण पळतं, दोन डोंगर पलीकडं जाऊन तडफडत मरतं, आणि तुला सापडतही नाही. म्हणूनच फौजी बनावटीची पूर्ण कवचाची गोळी स्वस्त मिळाली तरी जनावरावर वापरायची नाही. कागदावर वापर हवी तर.

उघडायला वेग लागतो. शिसं-तांब्याची साधी मऊ टोकाची गोळी सेकंदाला ५५० मीटरपर्यंत बहुधा नीट उघडते. त्याखाली भरवसा नाही. तुझ्या १५० ग्रेनचा वेग तिथवर उतरायला तीनशे मीटरच्या आसपास अंतर लागतं. १८० ग्रेन निघतेच सावकाश, तिची हद्द त्याच्या अलीकडं येते. आणि अडचण नुसत्या वजनाचीही नाही. १८० ग्रेनच्या कित्येक गोळ्या एल्क आणि मूससारख्या थोराड जनावरांसाठी बांधलेल्या असतात. कवच जाड, गाभा कवचाला चिकटवलेला. हाड फोडून खोल जायचं हे त्यांचं काम. तसली गोळी आखूड नळीतून कमी वेगानं निघून मादी हरणाच्या पातळ बरगड्यांतून गेली, तर तिला उघडायला कारणच मिळत नाही.

बाबांचं काय चुकलं? खरं तर काहीच नाही, ते त्यांच्या रायफलीबद्दल बोलतायत. .३१५ चं काडतूस ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलीच्या आठ मिलिमीटर घराण्यातलं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाचं. फौजेचं .३०३ सामान्य माणसाच्या हाती द्यायचं नाही म्हणून इंग्रजांच्या अमदानीत असली वेगळी काडतुसं आपल्याकडं रुजली आणि .३१५ मागं राहिलं. गोळी जड, बोथट टोकाची, वेग बेताचा. ती त्या बेताच्या वेगालाच उघडावी अशी केलेली असते, म्हणून जवळच्या अंतरावर ती भारी काम करते. त्यांचा अनुभव खोटा नाही. फक्त तो त्या एका काडतुसाचा आहे, आणि .३०८ च्या डबीवर "१८०" बघून तोच नियम लावला तर फसगत होते. फोनवर एवढंच सांग की काका म्हणाले, तुमचं तुमच्या रायफलीपुरतं बरोबर आहे. घरातली शांतता टिकेल.

माझं मत विचारशील तर १५० ग्रेनची साधी मऊ टोकाची गोळी पहिली घे. दुसरी डबी १६५ ग्रेनची, गाभा चिकटवलेली. लाल हरणाचा मोठा नर दीडशे किलोच्या पुढं जातो, आपल्या चितळाच्या दुपटीला सहज पोचतो. तो तिरका उभा असेल आणि गोळी खांद्याच्या हाडातून जायची असेल, तर १६५ चा आधार वाटतो. माद्या आणि तरण्या नरांना १५० पुरून उरते. दोन्हींतली तुझ्या नळीला जी मानवेल ती ठेव आणि मग वर्षभर काडतुसाचं नाव काढू नकोस. दर महिन्याला नवी डबी आणणारा माणूस रायफल शिकत नाही, नुसते दुकानदाराचे हप्ते भरतो.

तांब्याच्या गोळीबद्दल तुझा दुसरा मित्र अगदीच चुकीचा नाही. पूर्ण तांब्याची गोळी फुटत नाही, वजन टिकवून खोल जाते, आणि मांसात शिशाचे कण पसरत नाहीत. साध्या गोळीचं शिसं जखमेच्या भोवती बारीक कणांनी पसरतं, बोटाला लागत नाही इतकं बारीक. मालकाच्या घरात लहान मुलं ते मांस खात असतील तर हा मुद्दा गंभीर आहे. साधी गोळी वापरलीस तर जखमेच्या भोवतीचं मांस हात राखून न कापता चांगलं रुंद कापून टाक. पण तांबं कडक, त्याला उघडायला जास्त वेग लागतो. काही गोळ्यांना ६०० मीटरच्या वर हवा असतो, काही नव्या बनावटीच्या कमी वेगालाही उघडतात. कारखाना हा किमान वेग छापतो, तो शोधून वाच आणि मगच पैसे दे. शिवाय तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते. तांब्याची घ्यायचीच असेल तर १३० ते १५० ग्रेनच्या आत राहा, १८० ची तर मुळीच नको. आणि शिशाच्या गोळ्यांवरून तांब्यावर जाताना नळी आधी नीट घासून साफ कर. एकीच्या थरावर दुसरी मारली की नेम कुठं जातो याचा पत्ता लागत नाही.

आता जाळ, आवाज आणि खांदा. जाळ दिसतो तो बहुतांशी नळीबाहेर हवेशी मिसळून पेटलेल्या तप्त गॅसचा. नळी आखूड असली की गोळी बाहेर पडताना दाब अजून बराच शिल्लक असतो, तो एकदम मोकळा होतो. लवकर जळणारी आणि जाळ कमी करणारी दारू भरलेली काडतुसं मिळतात. जर्मनीची आरडब्ल्यूएस कंपनी तर आखूड नळीसाठी म्हणून वेगळी मालिका काढते. तुमच्याकडं ती सहज आणि परवडणाऱ्या दरात मिळाली तर बघ. नाही मिळाली तर त्यासाठी जीव टाकू नकोस, संध्याकाळच्या उजेडात जाळ जरा कमी दिसेल एवढाच फरक. धक्का मात्र साधं गणित आहे: तेच काडतूस चार किलोच्या रायफलीतून सोडलं आणि तीन किलोच्या रायफलीतून सोडलं, तर हलकीच्या धक्क्यात एक तृतीयांश ऊर्जा जास्त असते. तू हलकी रायफल निवडलीस आणि त्यात सगळ्यांत जड गोळी भरलीस. खांदा काळानिळा होणारच.

वीतभर पसरणाऱ्या गोळ्यांचं कारण मला काडतुसापेक्षा इथंच दिसतं. आवाजाच्या आणि धक्क्याच्या भीतीनं चाप ओढायच्या आधीच अंग आकसतं, डोळा मिटतो आणि नळी खाली जाते. ज्याचं होतं त्याला स्वतःला ते कळत नाही, कारण त्याच क्षणी बार झालेला असतो. याची परीक्षा सोपी आहे. रेंजवर मालकाला सांग, तुझ्या नकळत मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत एखादं सरावाचं खोटं काडतूस भरून दे. खोटं आलं की नुसता "टिक" असा आवाज होईल. त्या क्षणी नळीचं टोक जागच्या जागी राहिलं तर दोष काडतुसाचा किंवा रायफलीवरच्या दुर्बिणीच्या पकडीचा. टोक दचकून खाली गेलं तर दोष तुझ्या भीतीचा, आणि तो कुठल्याही डबीनं जात नाही. दुर्बिणीच्या पकडीचे स्क्रू मात्र त्याआधी तपास. हलक्या रायफलीत ते ढिले व्हायला वेळ लागत नाही, आणि लोक तीन तऱ्हेची काडतुसं विकत घेतात पण पान्याला हात लावत नाहीत.

ही भीती घालवायला सायलेन्सर हा सगळ्यांत चांगला खर्च. तुमच्याकडं तो कायदेशीर आहे आणि शिकारी सर्रास लावतात. रायफलीच्या बाराचा आवाज १६० डेसिबलच्या घरात जातो आणि १४० च्या वर एका दणक्यातही कान कायमचा बिघडू शकतो. सायलेन्सर वीस-तीस डेसिबल उतरवतो, जाळ गिळतो आणि टोकाला वजन आल्यानं धक्काही सौम्य करतो. तरी रेंजवर कानाला संरक्षण लावच. तो लावल्यावर रायफल वीतभर लांब होते, आणि इथंच तुझी साडेसोळा इंचाची नळी कामाला येते: बावीस इंची नळीवर सायलेन्सर चढवला की झाडीत झेंडा घेऊन चालल्यासारखं होतं. नळीला टोकाशी आटे आहेत का बघ, नसतील तर तिथल्या परवानाधारक गनस्मिथकडूनच पाडून घे. बसवल्यावर रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढायचा आणि मागच्या बाजूनं नळीतून बघायचं. सायलेन्सरचं छिद्र नळीशी नेमकं एका रेषेत गोल दिसलं पाहिजे. चंद्रकोर दिसली तर तसाच बार करायचा नाही. आणि सायलेन्सर लावला की गोळी लागायची जागा सरकते, त्यामुळे नेम तो लावूनच जुळव आणि शिकारीतही तो लावूनच जा.

डब्यांची परीक्षा घेताना घाई नको. तुझी नळी बारीक, ती लवकर तापते आणि तापली की गोळ्या सरकायला लागतात. दोष मग काडतुसावर जातो. तीन गोळ्या मार, नळी हाताला गार लागेपर्यंत थांब, मग पुढच्या तीन. तोवर चहा घे. पण त्यातही सगळ्यांत महत्त्वाची पहिली गोळी, गार नळीतली, कारण डोंगरात तुला तीच मिळणार आहे. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशीची ती पहिली गोळी एकाच जागी जात असेल आणि तीन गोळ्या शंभर मीटरवर चार-पाच सेंटिमीटरमध्ये बसत असतील, तर शिकारीला तेवढं पुरे. त्याहून बारीक गट काढायच्या नादात डबीमागून डबी जाते. जी डबी पसंत पडेल तिच्यावर लॉट नंबर छापलेला असतो, त्याच नंबरच्या आणखी दोन-तीन घेऊन ठेव. एकाच नावाच्या काडतुसांतही लॉट बदलला की नेम थोडा हलतो.

नेम शंभर मीटरवर पाच सेंटिमीटर वर जुळव. १५० ग्रेनला तुझ्या वेगात ती गोळी १७५ मीटरच्या आसपास पुन्हा रेषेवर येते, म्हणजे दोनशे मीटरपर्यंत तुला काही मोजायची गरज नाही. गोळी तीनशे मीटरच्या आसपासही उघडते म्हणून तितक्या लांब मारायचं असं नाही. बसून, कशावर तरी टेकून, दहापैकी दहा गोळ्या ताटलीएवढ्या गोलात ज्या अंतरावर लागतात, ती तुझी हद्द. सध्या ती शंभरच्या आतच असणार.

मार्च-एप्रिलात तिकडं नरांचा माज असतो, ते ओरडतात आणि शिकारीही त्यांच्यासारखा आवाज काढून त्यांना बोलावतात. झाडीतून हंबरल्याचा आवाज आला तर तो दुसरा शिकारी असू शकतो. पूर्ण जनावर डोळ्यांनी ओळखल्याशिवाय बोट चापावर न्यायचं नाही. दुर्बिणीतून "बघायचं" म्हणून रायफल वर उचलायची नाही, त्यासाठी गळ्यातली वेगळी दुर्बीण असते. सरकारी संवर्धन जमिनीवर जाणार असाल तर त्यांच्या खात्याचा परमिट आधी काढा. मालकाला माहीत असेलच.

आता बाबा आणि रानडुकरं. .३१५ ची काडतुसं त्यांनी परवानाधारक दुकानातूनच, परवान्यावर नोंद करून घ्यायची, मऊ टोकाची. घरात जुनी पडली असतील तर ती आधी उन्हात नेऊन नीट बघायला सांग. पुंगळी हिरवट कळकलेली असेल, मानेशी बारीक चीर असेल किंवा गोळी हाताला हलत असेल, तर ते काडतूस वापरायचं नाही, दुकानदाराकडं किंवा पोलीस ठाण्यात जमा करायचं. पत्र्याखालच्या लोखंडी ट्रंकेत काडतुसं ठेवायची आपल्याकडची सवय वाईट. आपला एप्रिल-मे चाळिशीच्या वर, ट्रंकेत त्याहून जास्त. तापलेली दारू जास्त दाब देते आणि वर्षानुवर्षं तापत राहिली तर बिघडते. भिंतीतल्या कपाटात, कुलपात, रायफलीपासून वेगळी ठेवा. चाप ओढून नुसता "ठक्" झाला आणि बार झाला नाही, तर निदान अर्धा मिनिट नळी समोरच धरून ठेवायची. कधी कधी दारू उशिरा पेटते.

पण रायफलीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ खाली, पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावरासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात बाबांनी सात-बारा आणि नुकसानीचे फोटो घेऊन अर्ज द्यावा. नुकसानभरपाईचा अर्जही तिथंच होतो, तो तर आधी करावा. माढा आणि आसपासच्या तालुक्यांत माळढोक अभयारण्याचं क्षेत्र विखुरलेलं आहे. आपलं गाव, आपला गट त्यात येतो का हेही त्याच टेबलावर विचारावं, तिथं नियम आणखी कडक. काळवीट तर त्याच कायद्याच्या पहिल्या, सगळ्यांत कडक अनुसूचीतला, त्याच्या दिशेनं रायफल वळवायचीही नाही.

परवानगी मिळाली तरी मला काळजी वाटते ती वेगळीच. आपला माळ सपाट. रायफलीची गोळी चुकली तर किलोमीटरच्या किलोमीटर जाते, आणि मुरमातल्या दगडावर आपटून कुठं वळेल याचा नेम नाही. जानेवारी म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. फडाच्या पलीकडं टोळीच्या कोप्या असतात, पहाटे चारला बैलगाड्या निघतात, पोरं झोपलेली असतात. रात्री बॅटरीच्या उजेडात उसात हललेल्या पाचटावर बार करायचा नाही. मचाणावर बसून, गोळी खाली मातीत जाईल अशाच कोनात मारता येत असेल तरच. नाहीतर वनखात्याच्या माणसांनाच बोलावू द्या, आणि तोवर फडाभोवती तारेचं कुंपण, दिवे, राखणदार. विजेची तार सोडायची नाही, ती डुकराआधी माणूस घेते आणि तोही गुन्हाच आहे.

राहिल्या तुझ्या त्या १८० ग्रेनच्या डब्या. सरावाला वापरून संपवीन म्हणशील, तर नको. त्यांनीच तुझं अंग आकसायला शिकवलंय, आणखी मारल्यास तर ते पक्कं होईल. मालकाची रायफल .३०८ चीच आणि लांब नळीची असेल तर त्याला विचार, न फोडलेल्या डब्या अर्ध्या किमतीत तो आनंदानं घेईल. नाहीतर काडतुसांच्या कपाटात बाजूला ठेव. सायलेन्सर बसून, खांदा बरा होऊन, १५० वर हात बसला की त्यातल्या पाच गोळ्या वेग मोजायच्या यंत्रावरून मारून तो आकडा बाबांना कळव. डबीवरचा आकडाही सोबत कळव, म्हणजे फोनवरचा वाद त्यांना स्वतःच मिटवता येईल.